आंबवणे आणि गाळणे

मराठी भाषेने एक भेद फार पूर्वीच करून ठेवला आहे. आंबोळीचे पीठ आंबते, नाचणीची आंबील आंबते, ताक आंबते. दारू मात्र गाळली जाते. आंबण्याला वेळ लागतो, गाळण्याला जाळ लागतो. घराघरांतील बायकांना हा भेद ठाऊक आहे. तो ठाऊक नाही तो आमच्या कायद्याला आणि व्यासपीठावरून व्यसनमुक्तीवर बोलणाऱ्या बहुसंख्य वक्त्यांना.

शाहूवाडी तालुक्यातील अशा सभांना आम्हीही जातो, आणि जाणे हे आमचे कर्तव्यच समजतो. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आम्ही जवळून पाहिली आहेत. तथापि, हातभट्टीचा विषारी फुगा आणि नाताळासाठी जांभळाच्या रसाची बरणी झाकून ठेवणारी एखादी आजी यांना एकाच वाक्यात गुन्हेगार ठरविले जाते, तेव्हा टाळ्या वाजविणे आम्हांस जमत नाही.

आमचा एक पुतण्या इंग्लंडात राहतो. गेली पंधरा वर्षे तो स्वतःच्या स्वयंपाकघरात बिअर करतो. तेथे १९६३ पासून घरी, घरापुरती बिअर करण्यास परवाना लागत नाही. त्याच्याशी झालेल्या संभाषणांतून आम्हांला जे समजले, ते व्यसनमुक्तीच्या अनेक भाषणांहून अधिक उपयोगाचे वाटले.

तो म्हणतो, "काका, बिअर करणे म्हणजे ऐंशी टक्के भांडी घासणे." पातेले, नळी, बाटली, झाकण यांपैकी काहीही अस्वच्छ राहिले की हवेतील जंतू शिरतात आणि तीन आठवड्यांचे काम आंबट होऊन मोरीत जाते. दुसरी गोष्ट उष्णतेची. मोड आणून वाळविलेला सातू ६५ अंशांच्या आसपास पाण्यात तासभर ठेवला म्हणजे पिठूळपणाची साखर होते. मग ते गोड पाणी हॉप नावाच्या वेलीच्या फुलांसह उकळायचे, आणि थंड करून वीस अंशांच्या आत-बाहेर आणल्याशिवाय त्यात यीस्ट घालायचे नाही. घाईने गरम पाण्यात घातले तर यीस्ट मरते. बाटलीत भरताना साखर थोडी जास्त पडली तर बाटली फुटते. प्रत्येक खेपेची तारीख, तापमान, वजन तो वहीत लिहितो. जो माणूस एका पेल्यासाठी महिनाभर थांबतो आणि हिशेब ठेवतो, तो संध्याकाळी पाच मिनिटांत बाटली रिचविणाऱ्याच्या जातकुळीतला नव्हे.

हे परदेशी खूळ आहे, असे कोणी म्हणेल. मोड आणण्याची विद्या मात्र आमच्या घरचीच आहे. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधायची, मोड आले की वाळवून दळायची आणि बाळाला सत्त्व द्यायचे. या कृतीत आणि बिअरच्या पहिल्या पायरीत तत्त्वाचा फरक नाही. धान्य मोडावर आले की आतील पिठाची साखर करणारे द्रव्य जागे होते. बाळाच्या वाटीतही तेच, पिंपातही तेच.

परंतु आमच्या युक्तिवादाचा खरा गाभा वेगळा आहे. यीस्ट साखर खाऊन मद्यार्क निर्माण करते, आणि मद्यार्काचे प्रमाण चौदा-पंधरा टक्क्यांच्या आसपास गेले की बहुतेक यीस्ट त्यातच निष्प्राण होते. साधी बिअर तर चार-पाच टक्क्यांवर थांबते. म्हणजे आंबविलेल्या पेयाला निसर्गानेच कुंपण घातले आहे. हे कुंपण मोडते ते भट्टीच्या जाळावर. आणि दुकानातील भारतीय बनावटीचे विदेशी मद्य (काय हे नाव!) काढायचे तेही गाळूनच, ते ४२.८ टक्क्यांचे असते. आपल्या ऊसपट्ट्याला हे सांगायला नको, की स्वस्त व्हिस्कीच्या बाटलीतील मद्यार्क बहुधा साखर कारखान्याच्या मळीतून येतो. तिचे नाव स्कॉटलंडचे, मूळ मात्र आपल्या उसाच्या फडातले.

यांपैकी काय 'सरकारमान्य' आहे? गावोगावच्या पाट्या पाहाव्यात. मान्यता मळीच्या मद्यार्काला आहे, कारण त्यावर शुल्क मिळते. बरणीतील जांभळाच्या रसावर शुल्क बसविता येत नाही, म्हणून तो गुन्हा.

ही दृष्टी आजची नाही. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने इंग्रज सरकारने मद्यनिर्मिती आपल्या मुठीत घेतली. १८९२ मध्ये तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत झाडाखाली पडणारी मोहाची फुले घरात बाळगण्यावरही कायद्याने बंधने आली. तो प्रजेच्या नीतीचा कळवळा नव्हता, तिजोरीचा होता. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले आणि त्याच वर्षीचा दारूबंदी कायदा आपल्याला लागू झाला. त्यामागील हेतू निःसंशय उदात्त होता. पुढे बंदी सैल झाली, दुकाने उघडली, परमिट रूम आल्या. घरातील बरणीवरची बंदी मात्र तशीच राहिली. त्या कायद्यात धर्मविधीच्या वाइनसाठी तरतूद आहे हे आम्ही कृतज्ञतेने नमूद करतो. आमचे कॅनन लॉही ती वाइन शुद्ध द्राक्षांचीच आणि न नासलेली असावी असे सांगते. जांभळाची बरणी वेदीसाठी नव्हेच. तेव्हा येथे आम्ही स्वतःसाठी काही मागत नाही.

आक्षेप येईल तो विषारी दारूचा. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत १०० हून अधिक माणसे मेली. पण ती कशाने? मिथेनॉलने. हे कारखान्यांत वापरले जाणारे रसायन दारू म्हणून गोरगरिबांना विकले गेले. धान्य किंवा फळाचा रस आंबवून कोणाच्या स्वयंपाकघरात असा संहार होत नाही. गावात आडवी बाटलीसाठी मतदानाला रांगेत उभ्या राहणाऱ्या आमच्या भगिनी परवानाधारक दुकान बंद करा म्हणतात, आणि हातभट्ट्याही फोडतात. बरणीवर मोर्चा नेल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आमच्याच समाजातील काही मंडळींना हे वाचून आनंदाचे भरते येईल. त्यांनी थांबावे. दारू ही आपली संस्कृती, असे लग्नाच्या मांडवात छाती पुढे काढून सांगणाऱ्यांचे वकीलपत्र आम्ही घेतलेले नाही. मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले आहे. ज्याच्या घरात एकजण व्यसनी आहे, त्या घरात बरणीही नको आणि बाटलीही नको. आणि कायदा आहे तोवर तो पाळलाच पाहिजे.

पण कायदा बदलावा, असे म्हणण्याचा अधिकार नागरिकाला आहे. अमेरिकेत १९७९ पासून एका प्रौढास वर्षाला १०० गॅलन, आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घरास २०० गॅलन बिअर घरापुरती करता येते. विकता येत नाही आणि गाळता तर मुळीच येत नाही. घरी गाळणे इंग्लंडातही परवान्याविना गुन्हाच आहे. म्हणजे त्या देशांच्या कायद्यांनी आंबवणे आणि गाळणे यांतील रेषा ओळखली. आम्हांला शंभर गॅलन नकोत. सणापुरती चार-पाच बाटल्यांची मर्यादा घाला, विक्रीला कडक शिक्षा ठेवा, भट्टीला तर क्षमाच नको; पण मोड आलेल्या नाचणीला आणि जांभळाच्या रसाला हातभट्टीच्या रकान्यातून बाहेर काढा.