कचरा कुणाचा, बदनामी कुणाची?

गेल्या महिन्यात नववीच्या मुलांना एक गृहपाठ दिला. घरातून रोज कोणता कचरा बाहेर पडतो, ते आठवडाभर वहीत लिहायचं. वर्गात आमच्या मोहल्ल्यातली मुलं आहेत, तशी रस्त्यापलीकडच्या सोसायट्यांतलीही.

वह्या तपासताना लक्षात आलं, घरची मिळकत कचऱ्यात दिसते. सोसायटीतल्या मुलांच्या वह्यांत पार्सलचे खोके, फ्रीजमध्ये सडलेली भाजी, उरलेलं जेवण. मोहल्ल्यातल्या मुलांच्या वह्यांत भाजीची देठं, अंड्यांची टरफलं आणि शाम्पूच्या, चहापत्तीच्या पुड्याच पुड्या. रद्दी आणि बाटल्या नाहीत, कारण त्या भंगारवाल्याकडे जातात, चार पैसे येतात. रोजंदारीवरचं घर महिन्याचं सामान एकदम भरू शकत नाही. ते छोटी पुडी आणतं आणि त्या रिकाम्या पुडीला भंगारवालाही हात लावत नाही.

एका मुलीनं विचारलं, "टीचर, कचरा त्यांचा जास्त, मग घाणेरडे आम्हाला का म्हणतात?"

कारण त्यांचा कचरा सकाळी गाडी उचलून नेते. आमच्या गल्लीत गाडी शिरत नाही. आणि ती गाडी जाते कुठे? मुंबईचा कचरा १९२७ पासून देवनारला पडत आला. जानेवारी २०१६ मध्ये तिथं आग लागली, तेव्हा धुराचा मार शेजारच्या गोवंडीतल्या गरीब वस्त्यांनी सोसला. कचरा करणारा एक, भोगणारा दुसरा.

पण सगळं गरिबीवर ढकलून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. पूर्वी शादीत दस्तरखान अंथरला जाई, एका थाळ्यात चौघं जेवत. आता कर्ज काढून वलीमा होतो आणि अर्धी बिर्याणी प्लेटसकट फेकली जाते. महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलच्या ताटांवर बंदी आहे, हे किती यजमानांना आठवतं? इस्राफ म्हणजे उधळपट्टी. वुजूच्या पाण्यातही ती करू नये, असं आपण मुलांना शिकवतो. मग दावतीतच कशी चालते?

नगरपालिकेकडे आपण हक्कानं मागावं: गल्लीत गाडी येत नसेल तर हातगाडी पाठवा. ओला-सुका कचरा वेगळा ठेवायचं काम मात्र आपलं. २०१६ च्या नियमांनी ते प्रत्येक घरावर टाकलंच आहे.

त्या मुलीला मी एवढंच म्हणाले, "बेटा, तुझा प्रश्न बरोबर आहे. वही सांभाळून ठेव. पुढच्या वॉर्डसभेत ती घेऊन जाऊ."