बाळंतिणीची भीती कोण विचारणार?

कळमन्याच्या बाजार समितीच्या आवारात धान्य झाडणाऱ्या-निवडणाऱ्या बायांशी आमचे अधूनमधून बोलणे होते. विषय बहुधा मजुरीचा असतो. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्यापैकी एक मजुरी सोडून निराळेच बोलली. बाळंतपणाला वर्ष उलटले होते, मूल धडधाकट होते. परंतु त्याला लस टोचून आणायला ती सासूला पाठवीत असे. "दवाखान्याचं फाटक दिसलं का हातपाय थरथर कापतेत, बाबूजी," ती म्हणाली. प्रसूतीच्या वेळी जवळ घरचे माणूस नव्हते, काय चालले आहे हे कोणी सांगितले नाही, आणि टाके घालताना ती ओरडली तेव्हा दटावणी मिळाली. रात्री तीच खोली पुन्हा दिसते. घरच्यांच्या मते तिला बाहेरचे लागले आहे.

अर्थशास्त्र शिकविण्यात हयात गेलेल्या माणसाने रोगनिदान करू नये. तथापि वैद्यकशास्त्रात अशा अवस्थेला आघातोत्तर तणाव हे नाव आहे. व्हिएतनाम युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या निमित्ताने ते पुढे आले आणि १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या अधिकृत सूचीत दाखल झाले. त्या व्याख्येत आघात नेहमीच्या मानवी अनुभवापलीकडचा असावा, अशी अट होती. बाळंतपण तर रोजचेच! बाई कितीही हादरली तरी व्याख्येत बसणे कठीण. ही अट १९९४ साली गेली. पुढे २०१७ साली अनेक देशांतील अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. त्यात सर्वसाधारण बाळंतिणींपैकी शेकडा ४, तर अधिक जोखमीच्या गटांत शेकडा १८ हून अधिक जणींत ही अवस्था आढळली. बाळंतपणानंतरची उदासीनता निराळी, जरी दोन्ही पुष्कळदा बरोबर येतात.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील ९४.७ टक्के बाळंतपणे रुग्णालयांत झाली. त्यामुळे आयांचे जीव वाचले आहेत; या यशाची टिंगल आम्ही करणार नाही. परंतु बाई दारातून आत गेली एवढेच या आकड्याला कळते. प्रसूतीच्या वेळी सोबतीला एक स्त्री असावी, असे केंद्र सरकारनेच २०१६ साली सांगितले. दोन खाटांमध्ये पडदा नाही, म्हणून ती सोबतीण बाहेरच थांबते. सारा दोष परिचारिकेवर टाकणे सोपे आहे. एकाच वेळी अनेक बाळंतिणी सांभाळणाऱ्या त्या बाईचे श्रमही कोणी मोजत नाही.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभ विधेयकाचे समर्थन करताना डॉ. आंबेडकरांनी हा भार सरकारनेही उचलावा असे मांडले होते. १९२९ साली मुंबई इलाख्यात आणि १९३० साली नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात कायदे झाले, ते कारखान्यांतील स्त्रियांसाठी. २०१७ साली पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. हमालांसाठी १९६९ चा माथाडी कायदा आहे. त्याच आवारात झाडू मारणाऱ्या बाईचे नाव मात्र बहुधा कोणत्याच हजेरीपटावर नसते. ती महिना-दीड महिन्यात सूप हातात घेते. घाबरण्यास तिला सवड कुठली?

नव्या योजनेची गरज नाही. रुग्णालयातील बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशा कार्यकर्तीने घरी जावे, असा नियम आहे. ती बाळाचे वजन करते, ताप पाहते. त्याच भेटीत तिने आईला विचारावे : झोप लागते का? त्या दिवसाची आठवण छळते का? अर्थात या कामाचा वेगळा मोबदला तिला मिळाला पाहिजे. फुकटची आणखी एक नोंदवही तिच्या गळ्यात नको. पुढे पाठविण्यासाठी मानसोपचाराची सोय हवी. २०२२ पासून चालू असलेली १४४१६ ही दूरध्वनी सेवा तेवढ्याने पुरी पडणार नाही. आणि आपल्या कार्यकर्त्यांनी प्रसूतिगृहात जाऊन खाटांमधले पडदे मोजावेत, सोबतिणीला आत घेतात की नाही ते पाहावे.

कळमन्याच्या त्या बाईला पुन्हा दिवस गेले आहेत. नाव नोंदविण्यासाठी ती अद्याप दवाखान्यात गेलेली नाही.