जुनी पाटी, नवं दुकान?

गेल्या महिन्यात आमच्या ग्रुपमध्ये जाम वाद झाला. ट्रेकिंगवर मराठी वेबसाइट काढायची, इथपर्यंत सगळे एकमत. गाडी अडली नावावर. एक मित्र म्हणाला, ‘नवं डोमेन कशाला? मुदत संपलेलं जुनं घेऊ. पंधरा हजार जातील, पण गुगलवर थेट वर!’

हा सल्ला तुम्हालाही कुणीतरी दिला असेल. तो अगदीच हवेतला नाही. कोणत्या साइटला इतर किती आणि कोणत्या साइट्स लिंक देतात, हे गुगल सुरुवातीपासून बघत आलंय. मालकाने नूतनीकरण केलं नाही की नाव पुन्हा विक्रीला येतं, पण त्या लिंक्स तशाच राहतात. भाडेकरू सोडून गेला तरी त्याची पत्रं त्याच पत्त्यावर येत राहतात ना, तसं!

प्रश्न असा, की दुसऱ्याची पत्रं आपण फोडायची का?

‘द हेअरपिन’ ही महिलांच्या लेखनासाठी नावाजलेली अमेरिकन साइट 2018 मध्ये बंद पडली. पुढे तिचं डोमेन भलत्याच माणसाने घेतलं आणि तिथे एआयने लिहिलेला मजकूर ओतला. काही जुने लेख तसेच ठेवले, पण लेखिकांची नावं काढून पुरुषांची टाकली! विश्वास कमावला एकीनं, वापरला दुसऱ्यानं.

मार्च 2024 मध्ये गुगलने अशा प्रकाराला थेट ‘स्पॅम’ ठरवलं. जुन्या नावाची पुण्याई वापरून भलताच, वाचकाच्या उपयोगाचा नसलेला मजकूर वर आणायचा प्रयत्न केलात, तर साइट खाली ढकलली जाऊ शकते किंवा निकालांतून गायबही होऊ शकते. प्राथमिक शाळेच्या जुन्या डोमेनवर कसिनो, हे गुगलनेच दिलेलं उदाहरण.

मग जुनं डोमेन घ्यायचंच नाही का? तसं नाही. नाव तुमच्या विषयाला शोभतंय आणि मजकूर तुमचा, खरा आहे, तर हरकत नाही. फक्त आधी चौकशी करा. ‘वेबॅक मशीन’वर त्या पत्त्याची जुनी पानं फुकट बघता येतात. आम्ही बघितली. आमच्या ‘पंधरा हजारी’ नावावर आधी एक शाळा होती, नंतर सट्टेबाजीची पानं. वाद तिथेच संपला.

आम्ही नवं नाव घेतलं, हजार-बाराशे रुपयांत. नुसतं डोमेनचं वय जास्त म्हणून रँकिंग वाढत नाही, हे गुगलच्या लोकांनीही सांगितलंय. सुरुवातीचे काही महिने आम्हाला फारसं कुणी विचारणार नाही, हे मान्य. पण गडावरची पाण्याची टाकी कुठे आहे, शेवटची एसटी किती वाजता सुटते, हे आम्ही स्वतः जाऊन लिहिणार आहोत. ते वाचून कुणी लिंक दिली, तर ती आमची असेल.

आणि हो, तुमचं स्वतःचं डोमेन असेल, तर आजच त्याचं ऑटो-रिन्यूअल चालू आहे का बघा. मुदत संपल्यावर ते परत मिळवायला थोडे दिवस मिळतात, पण कायमचे नाही. तुमची पाटी उद्या कुणाच्या दुकानावर लागेल, सांगता येत नाही.