रेल्वेंतील रिकाम्या जागा आणि खानदेशची रयत

रेल्वे विकणार कीं नाहीं, हा वाद गेलीं कांहीं वर्षें मोठ्या जोरांत चालला आहे. मंत्री लोकसभेंत उभे राहून सांगतात, खाजगीकरण होणार नाहीं. विरोधी पक्ष सांगतात, तें होतच आहे. या गलक्यांत आमच्या शेतकरी व कारागीर वाचकांस वाटतें कीं हा पगारदारांचा तंटा आहे, आपला त्याशीं काय संबंध? संबंध आहे, आणि तो पोटाचा आहे.

प्रथम कंपनीची गोष्ट. जी वस्तु आज नवी म्हणून दाखविली जाते, ती खानदेशानें एकदां वापरून पाहिलेली आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ही विलायतेंतील भागीदारांची कंपनी. १८४९ च्या करारानें सरकारनें तिला भांडवलावर शेंकडा ५ व्याजाची हमी दिली. गाडी भरून जावो कीं रिकामी जावो, भागीदाराचें व्याज ठरलेलें! तूट आली तर ती हिंदुस्थानच्या तिजोरींतून भरावयाची, आणि त्या काळीं तिजोरी म्हणजे मुख्यत्वें शेतसारा. खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबईस गेला, भुसावळ वाढलें, हें खरें. पण लंडनच्या भागीदाराच्या व्याजास जामीन चाळीसगांव-पाचोऱ्याचा कुणबी राहिला होता, हेंही तितकेंच खरें. १९०० सालीं सरकारनें मालकी विकत घेतली, तरी कारभार कंपनीच्याच हातीं राहिला. तो १ जुलै १९२५ रोजीं सुटला. करारापासून मोजलें तर पाऊणशें वर्षें झालीं.

आतांची तऱ्हा निराळी आहे. २०२० सालीं सरकारनें १०९ मार्गांवर १५१ खाजगी गाड्या चालविण्यासाठीं अर्ज मागविले. २०२१ सालीं निविदा उघडल्या, तेव्हां फारसें कोणी पुढें आलें नाहीं, व ती योजना मागें पडली. शेटजीचा हिशेब नेहमींच पक्का असतो. म्हणून सगळी रेल्वे एका दिवशीं लिलावांत निघेल अशी भीति आम्हांस तूर्त वाटत नाहीं. जें जातें तें तुकड्यातुकड्यानें जातें. डब्यांची सफाई मक्त्यानें, खानपान मक्त्यानें, पार्सलचा डबा मक्त्यानें. पाटी सरकारची, पण पाटीखालीं राबणारा माणूस मक्तेदाराचा. याला खाजगीकरण म्हणावयाचें कीं नाहीं, हें पंडितांनीं ठरवावें. आम्ही त्यास आमच्या मुलांच्या भाकरीची चोरी म्हणतों.

हा शब्द कोणास कडक वाटेल. त्यानें आंकडे पाहावे. १९९१ च्या सुमारास रेल्वेंत साडेसोळा लाख माणसें कामास होतीं; आज तीं बारा लाखांच्या आसपास आहेत. गाड्या कमी झाल्या काय? उलट वाढल्या. २०२३ सालीं माहितीच्या अधिकारांत रेल्वेनेंच कबूल केलें कीं पावणेतीन लाखांच्या जवळपास जागा रिकाम्या आहेत, आणि त्यांतील एक लाख सत्तर हजारांवर जागा गाडीच्या सुरक्षिततेशीं संबंधित कामांच्या आहेत. दुसऱ्या बाजूस उमेदवार पाहा. २०१९ सालीं सर्वांत खालच्या श्रेणीच्या १,०३,७६९ जागांची जाहिरात निघाली. गँगमन, सांधेवाला, खलाशी अशीं हीं कामें. अर्ज आले एक कोटी पंधरा लाखांवर! आणि परीक्षा झाली २०२२ सालीं. तीन वर्षें पोरांनीं काय करावें? धुळ्याच्या किंवा जळगांवच्या भाड्याच्या खोलींत चौघांनीं मिळून भात शिजवावा, बापानें त्यासाठीं कापूस निघण्यापूर्वींच सावकाराकडे जावें, आणि जाहिरात-परीक्षेच्या मधल्या काळांत पोराचें वय निघून जावें. भरणाऱ्यास घाई नसली म्हणजे असें होतें.

जागा भरली तर तिच्यांत आमचा वाटा आहे, हें वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावें. दलित व आदिवासी बांधवांस राखीव जागा आहेत. माळी, कोळी, सुतार, लोहार, न्हावी, कुणबी अशा इतर मागास जातींस १९९३ पासून केंद्राच्या नोकरींत शेंकडा २७ जागा आहेत. हा हक्क सरकारी जागेला चिकटलेला आहे. तीच जागा मक्तेदाराकडे गेली कीं त्याच्या वहींत राखीव जागांचें पान नसतें. कायदा रद्द करावा लागत नाहीं, सभा भरवावी लागत नाहीं, कोणाचा रोष पत्करावा लागत नाहीं. जागाच नाहींशी केली कीं हक्क आपोआप मरतो. मंडल आयोगाविरुद्ध रस्त्यावर आलेल्या मंडळींस जें साधलें नाहीं, तें एका निविदेच्या कागदानें मुकाट्यानें साधतें.

येथें मनमाडची आठवण दिल्यावांचून राहवत नाहीं. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजीं तेथें जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली; अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. कामगारांचे शत्रु दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, असें त्यांनीं तेथें बजावलें. आणि ब्राह्मणशाही म्हणजे केवळ एका जातीची सत्ता नव्हे, समता-बंधुता नाकारणारी वृत्ति, ती सर्व वर्गांत शिरली आहे, हेंही सांगितलें. पण आम्हांस त्यांच्या भाषणांतील एक लहानशी बाब फार मोलाची वाटते. अस्पृश्य माणसास रेल्वेंत गँगमन करीत, पोर्टर करीत नसत. कां? तर पोर्टरास स्टेशनमास्तराच्या घरचेंही काम करावें लागे, आणि मास्तर सवर्ण! म्हणून याचा जन्म रुळावर खडी ठोकण्यांत जाई. त्या वेळीं रेल्वे सरकारच्या ताब्यांत येऊन बारा वर्षें लोटलीं होतीं. सरकारी मालकीनें न्याय आपोआप येत नाहीं, हें आमचे पूर्वज मनमाडास शिकून आले. पुढें राज्यघटनेनें दार उघडलें, आणि गँगमनचा मुलगा स्टेशनमास्तर झालेला या डोळ्यांनीं पाहतां आला. आतां तेंच दार मागल्या बाजूनें बंद होत आहे.

कामगार संघांसही चार शब्द सुनावणें भाग आहे. ८ मे १९७४ पासून वीस दिवस रेल्वेचा देशव्यापी संप झाला. हजारों माणसें तुरुंगांत गेलीं, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, आणि बडतर्फ झालेल्यांस कामावर परत घेण्यास १९७७ सालीं सरकार बदलावें लागलें. त्या त्यागास आमचा प्रणाम आहे. पण आज संघाच्या मागण्यांच्या यादींत बोनस आणि पेन्शन वर, व मक्तेदाराचा झाडूवाला कोठें तरी तळाशीं, असें कां? तो संघाचा सभासद नाहीं म्हणून? मग १९३८ च्या पोर्टराची गोष्ट पुन्हां निराळ्या वेषांत आली म्हणावयाची. इंजिनचालकांनीं फेब्रुवारी १९२५ मध्यें नव्हे, २०२५ मध्यें, छत्तीस तास उपास करून आठवड्याची पुरी विश्रांति मागितली! शंभर वर्षांनीं मागणी विश्रांतीचीच, हें वाचून शरम कोणास वाटावी? डोळ्यांवर झोंप असलेल्या चालकाच्या मागें आपलींच बायकामुलें बसलेलीं असतात.

रुळाची देखभाल मक्त्यानें केली तर काय होतें, तें विलायतेनें पाहिलें. तेथें रेल्वे विकली. २००० सालीं हॅटफील्ड येथें तडा गेलेला रूळ तुटून चार माणसें मेलीं. रूळमालक कंपनी पुढल्या वर्षीं बुडाली. आणि २०२४ च्या कायद्यानें त्या देशानें प्रवासी गाड्याही सरकारकडे परत घेण्याचें ठरविलें. ज्यांनीं आम्हांस कंपनी दिली, तेच ती परत करीत आहेत.

२२ मे २०२५ रोजीं धुळें आणि सावदा या स्थानकांच्या नव्या रूपाचें उद्घाटन झालें. इमारत देखणी झाली याचा आनंदच आहे. पण इमारत केळी भरीत नाहीं. रावेर-सावद्याचा माल दिल्लीस जावयाचा तर वाघिणी वेळेवर लागल्या पाहिजेत, त्या लावणारा हात पाहिजे, आणि केळें कोणासाठीं थांबत नाहीं. पाचोरा-जामनेरची लहान गाडी २०२० च्या टाळेबंदींत थांबली, ती आपल्या अरुंद रुळांवर पुन्हां धांवलीच नाहीं. रुंद रूळ टाकून ती बोदवडपर्यंत नेण्याची योजना मंजूर आहे, तोंवर बाजारकऱ्यानें एसटीची वाट पाहावी. मनमाड-इंदूर मार्गास सप्टेंबर २०२४ मध्यें मंजुरी मिळाली, १८,०३६ कोटींचा तो मार्ग धुळें, शिरपूर करीत जाईल. जमीन शेतकऱ्याची जाणार. त्या रुळावर नोकरी कोणाची, हें आजच विचारलें पाहिजे, नांगर मोडून टाकल्यावर नव्हे.

म्हणून जळगांव, रावेर, धुळें व नंदुरबार येथील चारही खासदारांस आमचें सांगणें आहे. भुसावळ विभागांत, आणि उधना-जळगांव मार्ग पश्चिम रेल्वेकडे असल्यानें तेथेंही, मंजूर जागा किती, भरलेल्या किती, मक्त्यावर माणसें किती, व त्यांस मजुरी प्रत्यक्ष हातीं काय पडते, असा लेखी प्रश्न येत्या अधिवेशनांत विचारावा. उत्तर येईल तें आम्ही एकही आंकडा न गाळतां येथें छापूं. वाचकांनींही आपल्या गांवच्या फाटकावर, रुळावर, स्थानकावर मक्तेदाराकडे कामास असलेल्या माणसाशीं बोलावें, त्यास महिना काय मिळतो, भविष्यनिर्वाह निधि कापला जातो कीं नाहीं, तें विचारून आम्हांस कळवावें. त्या माणसाचें नांव छापलें जाणार नाहीं.