हॉलच्या आधी निकाहनामा

लग्न ठरलं की आपल्या घरांतून पहिला फोन हॉलला जातो. दुसरा बिछायत केंद्राला, तिसरा आचाऱ्याला. मग फोटोवाला, मेंदीवाली, पत्रिका छापणारा. काझी साहेबांना फोन जातो तो शेवटच्या आठवड्यात, ‘अमुक तारखेला जोहरनंतर जमेल ना’ एवढंच विचारायला. आणि निकाहनाम्याचा फॉर्म उघडतो तो थेट लग्नाच्या दिवशी. बारात आलेली असते, जनरेटर घरघरत असतो, देगांची झाकणं निघायच्या बेतात असतात. तेवढ्यात कुणीतरी मामू काझी साहेबांच्या शेजारी बसून घरच्यांना विचारतात, “मेहेर किती लिहायचा?” दहा मिनिटांत फॉर्म भरून होतो. ज्या दोघांचा तो करार आहे त्यांनी तो वाचलेला नसतो. वकील आणि गवाह समोर येतात तेव्हा मुलगी तो कागद पहिल्यांदा पाहते, आणि तेव्हाही तिला फक्त सहीची जागा दाखवली जाते.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. कंपनीचं काम पिपरी मेघेतल्या घरून करते आणि नणंदेबरोबर लग्नाच्या नियोजनाचं छोटंसं काम चालवते. वर्धा, सेवाग्राम, सावंगी, कधी हिंगणघाट, पुलगाव. मंगनी झालेली जोडपी आमच्याकडे येतात तेव्हा स्टेजचा रंग विचारतात, एण्ट्रीचं गाणं विचारतात, बिर्याणी की पुलाव ते विचारतात. हे सगळं विचारावंच, लग्न आनंदाचं असतं. पण सहा महिने एका दिवसाची तयारी करणाऱ्या या दोघांनी पुढच्या चाळीस वर्षांच्या कराराला एक तास दिलेला नसतो. म्हणून आमच्या यादीत हॉलच्या आधी एक ओळ आहे: निकाहनामा वाचला का?

निकाह हा करार आहे, ही गोष्ट आपण दुसऱ्यांना मोठ्या अभिमानाने सांगतो. मुलीची कबुली लागते, गवाह लागतात, मेहेर लागतो. सूरह निसामध्ये स्त्रियांना त्यांचा मेहेर खुशीने द्यायला सांगितलं आहे. हा अभिमान खरा असेल तर कराराचा कागदही नीट वाचायला हवा. नोकरीचं ऑफर लेटर आपण तीन मित्रांना दाखवून सही करतो. निकाहनामा मात्र मामूंच्या भरवशावर.

आधी मेहेरचंच बघू. फॉर्मवर दोन शब्द असतात: मुअज्जल आणि मुवज्जल. कानाला जवळजवळ सारखे, अर्थाने उलटे. मुअज्जल म्हणजे तत्काळ देय, पत्नीने मागताच द्यायचा. मुवज्जल म्हणजे पुढे ढकललेला. तो ठरलेल्या मुदतीला, नाहीतर तलाक झाल्यावर किंवा पतीच्या मृत्यूनंतर द्यावा लागतो. घाईत कुठल्या शब्दावर खूण झाली, हे पुष्कळ घरांत कुणालाच सांगता येत नाही.

मग रक्कम. कुणी ७८६ लिहितं, कुणी मोठ्या बहिणीच्या वेळी लिहिली तीच. रुपयांत लिहिलेला मुवज्जल मेहेर वर्षांबरोबर झिजत जातो. १९९० साली दहा ग्रॅम सोनं तीन-साडेतीन हजारांना मिळत होतं. त्या वर्षी एखाद्या निकाहनाम्यात पाच हजार रुपये लिहिले असतील तर ती तोळ्याहून जास्त सोन्याची किंमत होती. आज त्या पाच हजारांत एक ग्रॅमही येत नाही. तोच मेहेर ग्रॅममध्ये लिहिला असता तर त्याची किंमत टिकली असती. ‘मेहेर-ए-फातिमी’ म्हणून ओळखला जाणारा मेहेर पाचशे दिरहमचा, म्हणजे वजनाने सुमारे दीड किलो चांदी. आपल्या परंपरेतच मेहेर वजनात मोजला गेला आहे. त्यामुळे सोन्यात किंवा चांदीत मेहेर लिहिणं ही काही नवी टूम नाही.

आणखी एक गोष्ट बोलायला जड जाते, पण बोललीच पाहिजे. न दिलेला मेहेर हे पतीवरचं कर्ज असतं. वारसांत वाटणी होण्याआधी ते फेडायचं असतं. प्रत्यक्षात काय होतं? जनाजा उठायच्या आधी एखादी वडीलधारी बाई रडणाऱ्या विधवेच्या कानात सांगते, “बेटी, मेहेर माफ कर दे.” ती मान हलवते. तिच्या घराचं भाडं, मुलांची फी, सगळं त्या एका मान हलवण्यात निघून जातं. मेहेर लग्नाच्या दिवशीच तिच्या हातात पडला असता तर ही वेळ तिच्यावर आली नसती.

दुसरा भाग अटींचा. निकाहनाम्यात दोघांच्या संमतीने रास्त अटी लिहिता येतात. मुलीचं शिक्षण पूर्ण होईल, ती नोकरी करेल, राहायचं कुठे, हे सगळं त्यात येऊ शकतं. पतीने दुसरं लग्न केलं तर तलाक घेण्याचा अधिकार पत्नीला राहील, अशीही अट घालता येते. याला तलाक-ए-तफवीज म्हणतात. फिकहमध्ये तो जुना आहे आणि आपल्या न्यायालयांनीही इंग्रजांच्या काळापासून तो मान्य केला आहे. ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने २००५ मध्ये नमुना निकाहनामा काढला. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनानेही आपला नमुना तयार केला. दोघांची मतं अनेक बाबतीत जुळत नाहीत, पण निकाहनामा नीट विचार करून लिहावा एवढं दोघांनाही वाटलं. दोन्ही नमुने समोर ठेवून बसा आणि तुम्हाला काय पटतं ते ठरवा.

यावर घरातून हमखास आक्षेप येतो: “लग्नाआधीच तलाकची भाषा? बदशगुन आहे.” हा आक्षेप हसण्यावारी नेऊ नये. आई-वडिलांना भीती असते की अटी काढल्या तर रिश्ता मोडेल, आणि मोडला तर बोट मुलीकडेच दाखवलं जाईल. ही भीती खरी आहे. म्हणूनच हा विषय मुलाने काढावा. “माझ्या निकाहनाम्यात मेहेर सोन्यात लिहा, आणि तिच्या नोकरीची ओळ घाला,” असं मुलगा म्हणाला की बैठकीतला ताण निम्मा होतो. आणि शिक्षणाच्या एका ओळीवरून जो रिश्ता मोडतो, तो लग्नानंतर त्याच शिक्षणावरून अडला असता. आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात चूक कागदावर सापडली तर खोडरबराने जाते. गिऱ्हाईकाकडे पोचल्यावर सापडली तर रात्री जागवते. लग्नाचंही तसंच आहे.

आता खर्चाकडे वळू, कारण आमचा धंदा खर्चावरच चालतो. नियोजन करणाऱ्यांची कमाई दोन प्रकारे होते: तुमच्याकडून ठरलेली फी, किंवा आचारी-डेकोरेशनवाल्यांकडून कमिशन. धरा, सहाशे पाहुणे आणि ताट तीनशे रुपयांचं. जेवणाचे झाले एक लाख ऐंशी हजार. दहा टक्के कमिशन असेल तर त्यातले अठरा हजार मधल्या माणसाचे. पाहुणे आठशे झाले की त्याचे चोवीस हजार. अशा माणसाने तुम्हाला ‘पाहुणे कमी करा’ असं का सांगावं? म्हणून नियोजन करणाऱ्याला पहिल्याच भेटीत विचारा: तुमची फी किती, आणि कमिशन कुणाकडून? उत्तर लेखी घ्या. आम्हालाही हेच विचारा.

पैसे वाचवायची एक जागा आपल्याकडे आयती आहे. आपल्याला मुहूर्त नसतो. मुहूर्ताच्या तारखांना जिल्ह्यातले हॉल महाग होतात आणि आपणही नेमके त्याच तारखांच्या मागे धावतो. मुहूर्त नसलेला मधल्या वारचा दिवस धरला तर तोच हॉल, तोच आचारी कमी पैशांत मिळतो. वर्ध्याच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो. हिवाळ्यातला दिवस धरला तर कूलर आणि जनरेटरचाही खर्च उतरतो.

पण मोठा प्रश्न हा की खर्च कुणाचा? वलीमा ही नवऱ्या मुलाची जबाबदारी आहे, आणि पैगंबरांनी अब्दुर्रहमान बिन औफ यांना एका बकरीचा का होईना वलीमा करायला सांगितलं होतं. आपल्याकडे उलटं झालं आहे. बारातीचं जेवण मुलीच्या बापाकडे, बेड-कपाट-फ्रीज त्याच्याकडे, गाडीसुद्धा त्याच्याकडे. “आम्ही काही मागितलं नाही, त्यांनी खुशीने दिलं” हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलं आहे की ते कर्ज काढून दिलं का, हे विचारायचंच राहून जातं. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा आहे आणि तो सगळ्या धर्मांना लागू आहे. त्यात मेहेरला हुंड्याच्या व्याख्येबाहेर ठेवलं आहे, जहेजला नाही. न मागता दिलेल्या भेटवस्तूंचीही सहीनिशी यादी ठेवायची असा १९८५ चा नियम आहे. ती यादी जरूर करा. पुढे वाद झालाच तर कुणी काय दिलं होतं, ते त्या कागदावर सापडेल.

लग्न ठरलेल्या जोडप्याला सल्ला देण्याची एक गोष्ट आपल्या जिल्ह्यातलीच आहे. आंध्रचे नास्तिक कार्यकर्ते गोरा यांच्या मुलीचं, मनोरमाचं लग्न अर्जुनराव या दलित तरुणाशी ठरलं. गांधीजींनी ते सेवाग्राममध्ये लावून द्यायचं कबूल केलं, पण दोन वर्षं थांबायला सांगितलं आणि मुलाला आश्रमात राहून तयारी करायला बोलावलं. गोरांना ईश्वराच्या नावाने शपथ मान्य नव्हती, तेव्हा तिथे ‘सत्याच्या नावाने’ असे शब्द घालायचं ठरलं. गांधीजींच्या हत्येनंतर, मार्च १९४८ मध्ये ते लग्न सेवाग्रामला झालं. त्यांचा विचार आपल्यापेक्षा वेगळा, त्यांची शपथही वेगळी. तरी घेण्यासारखं यात बरंच आहे. दोन वर्षांची ती तयारी मंडपाची नव्हती, माणसांची होती. आणि जे शब्द उच्चारायचे ते आधी बसून, एकमेकांना विचारून ठरवले गेले.

तर मंगनी झालेल्या प्रत्येकाला आमचा सल्ला असा. तारखेच्या किमान महिनाभर आधी काझी साहेबांकडून कोरा फॉर्म आणा. दोघांनी, घरच्यांसमोर का होईना, तासभर बसून तो वाचा. मेहेर किती, कशात, कधी, हे ठरवा. शिक्षण, नोकरी, राहणं, कुणाच्या डोक्यावर किती कर्ज आहे, हे विचारा. दोन्ही घरांचा खर्च एका कागदावर मांडा आणि तो कोण देणार ते समोर लिहा. लग्न झालं की ९० दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत नोंदणी करा. महाराष्ट्रात तसा कायदा आहे आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करावी असं सांगितलं आहे. पासपोर्टपासून बँकेपर्यंत तो दाखला लागतो. निकाहनाम्याची एक प्रत मुलीकडे राहू द्या. सासरच्या कपाटात नको, तिच्या स्वतःच्या फाइलमध्ये.

यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत. आणि तो एक तास आमच्या बिलात धरलेला नाही.