वाटी, ओढणी आणि बुवा-कुक

आदिलाबादहून निर्मल 80 किलोमीटरच्या आसपास. 2016 पर्यंत ते आपल्याच जिल्ह्यात होतं. तिथली लाकडी खेळणी तुम्हाला माहीतच आहेत: पोनिकीचं हलकं लाकूड, चिंचोक्याची खळ, वर चकचकीत रंग. आमच्या लेकीच्या बारशाला असे तीन पोपट आणि एक हरीण आलं. चौघंही काचेच्या कपाटात आहेत. ही खेळणी शोभेची, आणि दहा महिन्यांचं बाळ प्रत्येक वस्तू आधी तोंडाने तपासतं.

मग ती खेळते कशाशी? स्टीलची वाटी, लाकडी चमचा, झाकणाचा डबा, जुन्या ओढणीचा तुकडा. वाटी टाकते, मी उचलून देतो, ती पुन्हा टाकते. आई म्हणते, "खोडकर झाली." आमच्या धंद्यात याला टेस्टिंग म्हणतात. फरशीवर एक आवाज, सतरंजीवर दुसरा. दर वेळी तोच येतो का, हे ती बघते.

चमचा ओढणीखाली लपवला की आता ती ओढणी ओढते. काही महिन्यांपूर्वी नजरेआड झालेली वस्तू तिच्या लेखी संपलेली असायची. जाँ पियाजे यांनी स्वतःच्या तीन मुलांना निरखून हे मांडलं. आपल्या आज्या बुवा-कुक त्याआधीपासून खेळत होत्या. आमच्याकडे त्यात एक गंमत आहे. शेजारच्या अक्का भाताला 'बुव्वा' म्हणतात, त्यामुळे मी 'बुवा' म्हटलं की लेक तोंड उघडते!

बाटलीत चिंचोके भरून खुळखुळा करा, असे व्हिडिओ सगळ्यांनाच येतात. मी तो करत नाही. झाकण निघालं तर चिंचोका थेट घशात. खेळण्यांच्या सुरक्षा चाचणीत सुमारे 32 मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. तिच्यात पूर्ण मावणारी सुटी वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती द्यायची नसते. शेंगदाणे, मणी, रिमोटचे बटण सेल, सगळे यात येतात.

घरात खरा वाद मोबाइलचा. तो समोर ठेवला की लेक मुकाट जेवते, म्हणून आईला तो हवा असतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन वर्षांखाली स्क्रीन नको म्हणते. आपल्या माणसांचा अधूनमधून व्हिडिओ कॉल तेवढा चालतो. हे आईला दाखवलं. "तुम्ही दिवसभर काय बघता मग?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सध्या दुपारी मोबाइल आतल्या खोलीत, लेकीच्या हातात वाटी-चमचा. जेवणाला पाऊण तास लागतो, अर्धा भात खाली. आईला अजून पटलेलं नाही. परवा लेकीने एक घास सतरंजीवर टाकला आणि वाकून बघितलं. आवाज आला नाही. तिने दुसरा टाकला.