आले किती, टिकले किती?

जून उजाडला की मुळशी तालुक्यात प्लॉटविक्रीच्या फलकांना शेजार मिळतो. ‘प्रवेश देणे सुरू आहे’ असे फ्लेक्स घोटवडे फाट्यापासून पौडपर्यंत आणि पिरंगुटपासून चांदणी चौकापर्यंत झळकू लागतात. बारावीच्या याद्या मिळवून घरोघरी फोन जातात. कुठे कुठे तर प्राध्यापक मंडळी गावोगाव फिरून आईबापांना गळ घालतात. ही लगबग प्रवेशाची मुदत संपेपर्यंत चालते. याद्या विद्यापीठाकडे रवाना झाल्या, की दिवाळीपर्यंत वर्गात कोण उरले याची चौकशी करायला मात्र कुणी येत नाही. पुढचे पाठ, मागचे सपाट.

भरे हे गाव या गोष्टीचा अभ्यास करायला फार सोयीचे आहे. पिरंगुट, उरवडे, कासार आंबोली आणि भरे हा सारा कारखान्यांचा पट्टा. बारावी झालेल्या पोराला इथे ठेकेदाराच्या ओळखीने कंपनीत चिकटायला फार दिवस लागत नाहीत. या तालुक्यातल्या जमिनी गेल्या, पैसा आला आणि तोही गेला, ही कथा प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ने २०१८ मध्ये साऱ्या महाराष्ट्राला दाखवली. पडद्यावर दिसली ती गुन्हेगारीकडे वळलेली मुले. एफ.वाय.ला नाव घालून, पहिल्या सेमिस्टरनंतर कुणालाही न सांगता फर्स्ट शिफ्टला जाऊ लागलेली मुले मात्र कुठल्याच पडद्यावर येत नाहीत. महाविद्यालयाच्या मस्टरवर त्यांचे नाव तेवढे मार्चपर्यंत असते.

याच परिसरात लवळ्याच्या डोंगरावर सिंबायोसिसचा विस्तीर्ण परिसर आहे आणि फ्लेम विद्यापीठही लवळ्यातच आहे. देशभरातली मुले तिथे लाखांत शुल्क भरून शिकतात. तिथे एक मुलगा गळणे म्हणजे पुढच्या वर्षांची फी गळणे, म्हणून त्याच्याकडे लक्ष ठेवण्यात संस्थेचा रोकडा स्वार्थ आहे. खाली, अनुदानित महाविद्यालयांचे गणित उलटे. प्राध्यापकांची पदे कार्यभारावर ठरतात, कार्यभार तुकड्यांवर आणि तुकड्या प्रवेशसंख्येवर. म्हणजे विद्यार्थ्याचा संस्थेला जो उपयोग व्हायचा, तो प्रवेशाच्या दिवशीच बराचसा होऊन जातो. त्यानंतर तो वर्गात बसला काय आणि कंपनीत उभा राहिला काय, हिशेब फारसा बदलत नाही. हा कुणा एका महाविद्यालयाचा दोष नाही. ज्या गोष्टीचा जाब विचारला जात नाही, तिच्याकडे दुर्लक्ष होणारच.

जाब विचारणाऱ्यांची मापेही याला हातभार लावतात. उच्च शिक्षणाची प्रगती आपण सकल नोंदणी प्रमाणाने मोजतो. केंद्राच्या २०२१-२२ च्या पाहणीत ते देशात २८.४ टक्के आणि महाराष्ट्रात ३५.३ टक्के होते, आणि २०३५ पर्यंत ते ५० टक्क्यांवर न्यायचे हे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचे उद्दिष्ट आहे. पण हे प्रमाण नोंदणीचे आहे. १८ ते २३ या वयोगटाच्या तुलनेत किती जणांची नावे पटावर आहेत, एवढेच ते सांगते. किती जण पदवी घेऊन बाहेर पडले, ते सांगत नाही. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी नॅक उत्तीर्णांची टक्केवारी विचारते, पण अंतिम वर्षाच्या परीक्षेला बसलेल्यांतली. दीडशे जणांनी प्रवेश घेतला, साठ जण शेवटच्या परीक्षेला पोचले आणि त्यातले चोपन्न पास झाले असे समजा. अहवालात निकाल नव्वद टक्के! वाटेत गळालेले नव्वद जण या टक्केवारीत नापासही धरले जात नाहीत. केंद्राच्या राष्ट्रीय क्रमवारीत मात्र ठरलेल्या मुदतीत किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले, हे विचारले जाते. म्हणजे मोजणे अशक्य नाही. फक्त त्या क्रमवारीत उतरणे ऐच्छिक आहे आणि खेड्यातल्या महाविद्यालयाला तशी हौस करण्याचे कारण नाही.

नव्या धोरणाने गळतीला एक पळवाटही दिली आहे. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याला प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी. कल्पना उत्तम आहे. पण ते प्रमाणपत्र मिळवायलाही वर्षाची सारी क्रेडिट्स पुरी करावी लागतात, वर ४ क्रेडिट्सचा कौशल्य अभ्यासक्रम करावा लागतो. डिसेंबरात यायचा बंद झालेल्या मुलाच्या हाती यातले काहीच पडत नाही. तरतुदीप्रमाणे बाहेर पडलेल्याला तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते. ही गोष्ट भऱ्याच्या त्या मुलाला कुणी सांगितली आहे का? सोडून गेलेल्याला ‘तुझी इतकी क्रेडिट्स जमा आहेत, अमुक तारखेपर्यंत परत ये’ असे पत्र धाडण्याची पद्धत आपल्याकडे नाही. परतीचा रस्ता सांगितला नाही, तर ‘एक्झिट’ हे गळतीचेच सोज्वळ नाव ठरेल.

मुले जातात का, याची उत्तरे इथे गावात कुणालाही विचारा. अनुदानित बी.ए.-बी.कॉम.ची फी हे मोठे कारण क्वचितच असते. खरे कारण असते ते रोज बुडणारी मजुरी आणि रोज लागणारे भाडे. राज्य सरकारने २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मागास व आर्थिकदृष्ट्या दुर्बल प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ केले. निर्णय चांगलाच आहे. पण साध्या बी.कॉम.ला जाणाऱ्या मुलीची अडचण त्याने सुटत नाही. एसटीत अहिल्यादेवी होळकरांच्या नावाच्या योजनेतून ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत मोफत पास मिळतो. ज्या जूनमध्ये ती महाविद्यालयाची पायरी चढते, त्याच जूनमध्ये तो पास संपतो आणि सवलतीच्या पासासाठी भाड्याचा तिसरा हिस्सा घरातून मागावा लागतो. रक्कम मोठी नसेल. पण ‘आता कशाला शिकायचं, स्थळ बघू’ म्हणणाऱ्या घरात ती दर महिन्याला नव्याने मागावी लागणे, हेच तिच्या शिक्षणाच्या मुळावर येते. हा पास पदवीपर्यंत वाढवण्यासाठी नवा विभाग नको, नवे पोर्टल नको. एक शासननिर्णय पुरेल.

मुलांच्या बाबतीत उपाय वेळापत्रकात आहे. कारखान्याची शिफ्ट सकाळी सुरू होते आणि महाविद्यालयाचे तासही तेव्हाच. ही टक्कर दर वर्षी होते आणि दर वर्षी कंपनीच जिंकते, कारण ती महिन्याच्या शेवटी पगार देते. या पट्ट्यातल्या महाविद्यालयांनी एखादी तुकडी दुपारनंतर भरवली, तर पहिली पाळी करून मुलगा वर्गात येऊ शकेल. दुसरी विसंगती तर हास्यास्पद आहे. नव्या अभ्यासक्रमात ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ला क्रेडिट्स आहेत. त्यासाठी एक विद्यार्थी ओळखीच्या दुकानाचा शिक्का मारलेला कागद आणतो आणि त्याला क्रेडिट मिळते. त्याचाच वर्गमित्र रोज आठ तास यंत्रावर उभा असतो. त्याच्या पदरी पडते ती गैरहजेरी. त्याचे काम तपासून, त्यावर अहवाल लिहून घेऊन क्रेडिट द्यायला नियम आड येत असेल, तर नियम बदलावा.

हे काही परदेशातून आणायला नको. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी महाविद्यालय उभे केले, ते ‘कमवा आणि शिका’ या पायावर. गरीब मुलाला कमाई सोडून शिकायला सांगणे व्यर्थ आहे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातही याच नावाची योजना आहे. पण आवारातल्या चार-दोन कामांपुरती ती उरली, तर गावाबाहेर शेकडो यंत्रे चालू असताना तिचा उपयोग मर्यादितच राहणार.

गैरहजर मुलाला पहिला फोन करायचा कुणी? ते ज्यांनी करायला हवे, त्या तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांची स्वतःचीच शाश्वती नसते. जितके तास, तितके पैसे, आणि पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही हेही माहीत नाही. जो शिक्षक स्वतः टिकत नाही, त्याच्याकडून विद्यार्थी टिकवण्याची अपेक्षा धरणे हा विनोद आहे. रिक्त पदे भरणे हाही गळतीवरचा उपाय आहे, हे सरकारने लक्षात घ्यावे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. पदवी घेऊन त्याच ठेकेदाराकडे, त्याच पगारावर लागायचे असेल, तर मुलाने तीन वर्षे का घालवावीत? सोडून जाणारा मुलगा मूर्ख नसतो. त्याने घरचा हिशेब केलेला असतो. पण तो हिशेब पहिल्या पगाराचा असतो. यंत्रावरून स्टोअरमध्ये, क्वालिटीत किंवा सुपरवायझरच्या खुर्चीत जायची वेळ येते तेव्हा कागद विचारला जातो, आणि कंत्राट न वाढवता घरी पाठवले की दुसऱ्या दारातही तोच कागद विचारतात. हे त्याला समजावून सांगणे महाविद्यालयाचे काम आहे आणि आपला अभ्यासक्रम त्याच्या उपयोगाचा करणेही. पिरंगुटला पुणे जिल्हा शिक्षण मंडळाचे अनंतराव पवार महाविद्यालय आहे. घराजवळ उच्च शिक्षण पोचवण्याचे अवघड काम या भागात झालेले आहे. आता प्रश्न पोचलेले शिक्षण पदवीपर्यंत नेण्याचा आहे.

म्हणून मागणी एकच आणि बिनखर्चाची. विद्यापीठाने आपल्या संलग्न महाविद्यालयांना सक्ती करावी: प्रवेशाच्या फलकावर आणि माहितीपत्रकात, तीन वर्षांपूर्वी प्रवेश घेतलेल्यांपैकी मुदतीत पदवी मिळवलेल्यांचा आकडा ठळक छापावा, मुलींचा वेगळा, मुलांचा वेगळा. दोन्ही याद्या विद्यापीठाच्याच संगणकात आहेत, फक्त शेजारी ठेवायच्या आहेत. हा आकडा एकदा चव्हाट्यावर आला की दुपारची तुकडी निघेल, फोन जातील, पत्रेही सुटतील; कारण मग गळणारा प्रत्येक विद्यार्थी पुढच्या वर्षीचे दोन प्रवेश घालवील. आणि विद्यापीठाने टाळाटाळ केली, तर भऱ्यातल्या आईबापांनी पुढच्या जूनमध्ये दारात आलेल्या गुरुजींना चहा द्यावा आणि फॉर्मवर सही करण्याआधी तो आकडा मागावा.